डार्विन खोटा, तर मग रक्ताची प्रतवारी कुणाच्या आधाराने?

"डार्विनचा महाघोटाळा : मुलांना हे विष किती दिवस पाजणार?" या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नागपुरातल्या सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात सात मुद्दे आहेत. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, रामटेकची माकडं आजही माकडंच आहेत. डार्विनने मरताना सिद्धांत मागे घेतला. मधल्या प्राण्यांचा एकही जीवाश्म सापडलेला नाही. खरी उत्क्रांती आपल्या दशावतारात आधीच सांगून ठेवली आहे. डार्विन मानला की धर्म बुडतो आणि हिटलर जन्मतो. एनसीईआरटीने हा धडा काढला, म्हणजे सरकारनेही तो खोटा ठरवला. आणि सातवा मुद्दा शब्दशः असा : "डार्विनच म्हणतो की दुर्बल गळून जातात. विदर्भात सिकलसेल कोणत्या समाजात आहे ते बघा. रक्तच कमकुवत. अशा घरात सोयरीक करताना दहा वेळा विचार करा."

मी प्राणिशास्त्र शिकवते. पहिल्या सहा मुद्द्यांसारखे मेसेज मला नवे नाहीत आणि आजवर मी ते वाचून सोडून देत आले. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने हात जोडल्याच्या चित्रासह पाठवलेला. त्याच ग्रुपवर माझी भाची आहे. अकरावीत शिकते, कबड्डी खेळते. कॉलेजातल्या तपासणी शिबिरात तिचा सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस' आला आहे. तिने मला फोन करून विचारलं, "मावशी, म्हणजे माझं रक्तच खराब आहे का?" सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारायला लावणारा मजकूर 'माहितीसाठी' म्हणून पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने पुढचं नीट वाचावं.

सातव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे सहा चुकीचे आहेत. हा घातक आहे. लिहिणाऱ्याला स्वतःच्या मजकुरातली विसंगतीही दिसलेली नाही. सहा मुद्दे सांगतात की डार्विन खोटारडा आणि सातवा त्याच डार्विनच्या नावाने एका समाजाचं रक्त हलकं ठरवतो. ज्याचं म्हणणं तुम्हाला साफ अमान्य आहे त्याचा दाखला तुम्ही लग्नाच्या बाजारात कसा चालवता?

आता सिकलसेल म्हणजे काय ते. हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना ज्या जनुकांत असते त्यांतलं एक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातलं एक अक्षर बदलतं आणि प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. फरक एवढाच. पण आई आणि वडील दोघांकडूनही बदललेलं जनुक आलं तर मूल 'एसएस' होतं, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. रक्तक्षय होतो, हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. ज्यांनी अशा लेकराला रात्रभर तळमळताना पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. दोघांपैकी एकाकडूनच बदललेलं जनुक आलं तर मूल 'एएस', म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तो शिकतो, खेळतो, शेतात राबतो, म्हातारा होतो.

मग इतका त्रासदायक बदल लोकांमध्ये टिकून कसा राहिला? एसएस मुलं पूर्वी लहानपणीच दगावत. दर पिढीत हे जनुक कमी होत होत संपायला हवं होतं. ते संपलं नाही. या कोड्याचं उत्तर उत्क्रांतीशिवाय देता येत नाही, आणि हे उत्तर सापडलं तेव्हाची कागदपत्रं कुणालाही वाचता येतात. १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबद्दल शंका मांडली की तो नेमका मलेरियाच्या प्रदेशात का आढळतो, त्याच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण तर मिळत नसेल? सिकलसेलच्या बाबतीत तोच प्रश्न अँथनी अॅलिसनने धसास लावला. तो केनियात वाढलेला. त्याला दिसलं की किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथे मलेरिया बारमाही, तिथे वाहक भरपूर. उंचावरच्या थंड भागात, जिथे मलेरिया नाही, तिथे वाहक विरळ. मग त्याने युगांडात कंपालाजवळच्या लहान मुलांचं रक्त तपासलं. वाहक मुलं ४३ होती, त्यांतल्या १२ जणांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले. वाहक नसलेली २४७ होती, त्यांतल्या ११३ जणांच्या रक्तात सापडले. १९५४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. नंतरच्या सत्तर वर्षांत हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि अधिकच पक्का झाला : मलेरियाचा जीवघेणा प्रकार वाहक मुलांना फार कमी गाठतो. याचं एक कारण असं की जंतू शिरलेली तांबडी पेशी वाहकाच्या शरीरात लवकर वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट बाहेर काढते.

म्हणजे गडचिरोली-गोंदिया-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, डासांच्या प्रदेशात, हजारो वर्षं काय घडलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. एसएस मूल आजाराने जाई. ज्याच्यात हे जनुक मुळीच नाही ते मूल तापाने जाण्याचा धोका मोठा. आणि एएस मूल जगे. माझ्या भाचीच्या रक्तात जे आहे त्याच्या बळावर तिच्या कित्येक पणज्या-खापरपणज्या तापाच्या साथीतून वाचल्या असतील. मेसेज ज्याला कमकुवत रक्त म्हणतो त्याला त्या जंगलात नैसर्गिक निवडीने पिढ्यानपिढ्या उचलून धरलं. कोण तगडा आणि कोण दुर्बल हे निसर्गात कायमचं ठरलेलं नसतं. जागा बदलली, रोग बदलला, की हिशेब बदलतो. डार्विनच्या सिद्धांतात जातीची किंवा रक्ताची उतरंड कुठेच बसत नाही, कारण त्यात वर आणि खाली असं काही नाहीच.

आणि 'कोणत्या समाजात आहे ते बघा' म्हणता, तर नीट बघा. सिकलसेल आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसच्या काही गावांत आहे. ओडिशा, छत्तीसगड, गुजरात, नीलगिरीत आहे. नागपुरातून १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या वाहकांची नोंद केली, तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत तो जास्त आढळतो हे माहीत आहे. इतर समाजांतही तो आहे. आता त्याच नागपुरात जरीपटक्याला जा. तिथल्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमियाची काळजी घ्यावी लागते, त्याही रोगामागे मलेरियाचाच इतिहास आहे. त्यांच्या रक्ताला कुणी कमकुवत म्हणत नाही, म्हणूही नये. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एक विकर (एन्झाइम) नीट काम न करण्याचा दोष जास्त आढळतो, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी काही विशिष्ट औषधांचा परिणाम धोकादायकरीत्या लांबतो. तो समाज जातीच्या उतरंडीत खालचा नाही. मग इथे प्रतवारी कशी लावणार?

असे दोष ठरावीक समाजांत साचून राहतात त्याचं मोठं कारण आपण पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं करत आलो हे आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या अनेक समाजांचा डीएनए तपासला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळले आणि त्यानंतर ते मिसळणं जवळपास थांबलं, असं त्यातून दिसलं. म्हणजे आज आपलं रक्त शुद्ध म्हणून मिरवणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज सरमिसळीतूनच आलेले आहेत. सोयरिकीची कुंपणं नंतरची, आणि त्या कुंपणांनी शुद्धता आणलेली नाही. त्यांनी दोष कुंपणाच्या आत कोंडून ठेवले.

लग्नाचं म्हणाल तर हिशेब सरळ आहे आणि तो दहावीच्या मुलालाही येतो. वाहकाचं लग्न ज्याच्यात बदललेलं जनुक मुळीच नाही अशा व्यक्तीशी झालं तर त्यांचं एकही मूल 'एसएस' होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून तपासणी दोघांची करायची, मुलाचीही आणि मुलीचीही, मग जात कोणतीही असो. दोघेही वाहक निघाले तर समुपदेशन आहे, गर्भातल्या बाळाची तपासणी आहे. रुग्ण असलेल्यांसाठी हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे, त्याने कळा खूप कमी होतात. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिचा सगळा भर लोकांनी मोकळेपणाने तपासणी करून घेण्यावर आहे. 'रक्त कमकुवत' असले मेसेज फिरले की लोक रिपोर्ट लपवतात. मुलीचा रिपोर्ट तर हमखास लपवला जातो. मग दोन वाहकांचं लग्न अजाणता लागतं आणि एसएस बाळ जन्माला येतं. हा मेसेज नुसता अपमान करत नाही, तो आजार वाढवतो. तो पुढे पाठवणाऱ्यांनी ही जबाबदारी घ्यावी.

आता बाकीचे मुद्दे. त्यांच्यावर इतका वेळ घालवणार नाही.

माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. हे वाक्य २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत बोलले होते, आणि देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं होतं. आजचं माकड माणसाचा पूर्वज आहे असं उत्क्रांती म्हणतच नाही. रामटेकच्या गडावरचं वानर आणि आपण यांच्या वंशरेषा मागे जाता जाता अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापाशी मिळतात. चिंपांझीशी आपली रेषा ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी मिळते. वानरही तेवढाच काळ त्याच्या वाटेने बदलत आलं आहे. त्याने माणूस व्हायचं काही कारण नाही.

'कुणी पाहिलं' याला मी संत्र्याचं उत्तर देते. शेळी, गाय, कुत्रा हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसाला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं, नाहीतर हिरड्यांतून रक्त यायला लागतं. ते बनवण्यासाठी लागणारं शेवटचं विकर ज्या जनुकातून तयार होतं ते जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. आठव्या गुणसूत्रावर त्याचे निकामी अवशेष अजून पडून आहेत. वानरांत, माकडांत, चिंपांझीतही ते मोडलेलंच आहे, आणि मोडण्याच्या खुणा सारख्या आहेत, कारण ते या सगळ्यांच्या समान पूर्वजात ६ कोटी वर्षांहून आधी मोडलं. गिनीपिगमध्येही तेच जनुक निकामी आहे, पण तिथलं मोडणं वेगळं आहे, कारण ती स्वतंत्र घटना. प्रत्येक प्राणी वेगळा आणि पूर्ण घडवला गेला असेल तर माणसात आणि वानरात एकसारखं मोडकं जनुक कशासाठी ठेवलं असेल, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावं. शिवाय चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या आणि आपल्याला २३. आपलं दुसरं गुणसूत्र हे त्यांच्याकडे वेगवेगळी असलेली दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून बनलेलं आहे आणि जुळल्याची जागा त्यात आजही वाचता येते.

मरताना डार्विनने माघार घेतली, ही निव्वळ भाकडकथा. तो १८८२ च्या एप्रिलमध्ये वारला. लेडी होप नावाच्या बाईंची ही गोष्ट १९१५ साली अमेरिकेतल्या एका धार्मिक पत्रात छापून आली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा शेवटच्या आजारात बापाच्या उशाशी होती. तिने १९२२ साली लिहून कळवलं की या बाई तेव्हा तिथे आल्याच नव्हत्या. आणि समजा घेतली असती माघार, तरी काय? आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाला हीच कल्पना डार्विनपासून स्वतंत्रपणे सुचली होती आणि दोघांचे निबंध १८५८ साली एकत्रच वाचले गेले. कुणाच्या तरी मृत्युशय्येवरच्या वाक्याने खडकांतले जीवाश्म नाहीसे होत नाहीत.

जीवाश्म नाहीत म्हणणाऱ्याला मात्र मी नागपुरातच फिरवून आणीन. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे आहेत, २५ कोटी वर्षांहून जुने. हीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि थेट अंटार्क्टिकात सापडतात. एके काळी हे सगळे भूभाग जोडलेले होते आणि त्या महाखंडाला जगभर गोंडवाना म्हणतात, आपल्या गोंडांच्या मुलुखावरून. आता शहरातल्याच टाकळीकडे या. तिथे लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले तळ्यांचे गाळ आहेत, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचे. त्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आहेत, किड्यांचे पंख आहेत, सपुष्प वनस्पतींची फळं आहेत. कामठीच्या खडकात फूल नाही, सस्तन प्राणी नाही. टाकळीत फळ आहे, पण माणसाचं नखही नाही. कामठीच्या थरात एक जरी सशाचं हाड निघालं असतं तरी उत्क्रांतीचा सगळा डोलारा कोसळला असता. दीडशेहून जास्त वर्षं लोक इथे हातोडे घेऊन फिरत आहेत आणि ते हाड निघालेलं नाही.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरची विष्ठा दगड होऊन पडली आहे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत गवताचे सूक्ष्म गारगोटीचे कण. गवत डायनासोरनंतर आलं असं तोवर समजलं जाई. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध छापून आला आणि जगभरातली समजूत बदलावी लागली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाने ती बदलायला लावली, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही आणि हा मेसेज मात्र सगळ्यांना पाठ.

'मधला प्राणी' हवा असेल तर तोही भारताचाच देते. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने जम्मूतल्या कालकोटजवळचे खडक गोळा केले होते. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने ते खडक जपले आणि पुढे हान्स थेविसेन या संशोधकाच्या हाती दिले. त्यांतून मांजराएवढ्या, चार पायांच्या, खुरांच्या एका प्राण्याचे अवशेष निघाले. त्याचं नाव इंडोहायस, वय सुमारे ४.८ कोटी वर्षं. त्याच्या कानाच्या हाडाची आतली भिंत जाड आहे, आणि ती तशी देवमाशांत असते. हाडं जड आहेत, पाण्यात बुडून चालणाऱ्या प्राण्यांची असतात तशी. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. देवमासा जमिनीवरच्या खुरांच्या प्राण्यांतून आला याचा इतका बोलका दुवा आपल्याच देशातल्या दगडात होता.

दशावताराबद्दल थोडं मान्य करते, मनापासून नाही, पण करते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाहिला की पृष्ठवंशी प्राण्यांच्या क्रमाची आठवण होते, आणि ही आठवण वर आलेल्या हाल्डेनलाही झाली होती. तो १९५७ साली भारतात आला, पुढे भारतीय नागरिक झाला, आणि अवतारांच्या या क्रमातून उत्क्रांतीची ढोबळ कल्पना मिळते असं त्याने लिहिलं. पण याच्यापुढे नेऊ नका. भागवताच्या पहिल्या स्कंधात २२ अवतारांची यादी आहे, तिच्यात वराह दुसरा आणि मत्स्य दहावा. आणि मत्स्यावताराची गोष्टच अशी की मासा मनूला प्रलयातून वाचवतो. पहिल्याच अवतारात माणूस हजर आहे! पुराणकथा जीवशास्त्र सांगायला रचलेल्या नाहीत. त्यांना तसं वापरणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. डार्विनने आणि वॉलेसने नुसता क्रम सांगितला नाही, बदल कसा घडतो ते सांगितलं : संततीत फरक असतात, ते वारशाने उतरतात, सगळी पिल्लं जगत नाहीत, आणि कोण जगतं ते त्या त्या परिस्थितीत त्या फरकांवर अवलंबून असतं. अॅलिसनने जे तपासलं ते हेच होतं.

धर्म बुडतो म्हणता? टाकळी आणि कामठीचे जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवणारा माणूस ख्रिस्ती मिशनरी होता, स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज आज सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे. तो उत्क्रांतिवादी नव्हता, पण दगडात काय दिसतं ते लपवावं असं त्याच्या धर्माने त्याला सांगितलं नाही. अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही कल्पनेपेक्षा जास्त काही आहे हे मान्य केलं. कुणाची श्रद्धा डळमळली असेलही, मी नाकारत नाही. पण ज्याची श्रद्धा गुणसूत्रं मोजल्याने जाते त्याने गुणसूत्रांवर राग काढू नये.

हिटलरचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. डार्विनने १८७१ च्या पुस्तकात सुधारलेले वंश रानटी वंशांची जागा घेतील अशी वाक्यं लिहिली आहेत. ती वाचून मला आजही राग येतो. त्याचा आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ साली माणसाचं वाण सुधारण्याच्या शास्त्राला 'युजेनिक्स' असं नाव दिलं. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, १९३३ साली नाझींनी तसा कायदा केला. हे सगळं घडलं आणि बरेच शास्त्रज्ञ त्यात सामील होते. पण माणसाला जन्मावरून हलकं ठरवायला कुणी १८५९ सालापर्यंत, डार्विनचं उत्क्रांतीचं पुस्तक येईपर्यंत, थांबलं नव्हतं. मनुस्मृतीला डार्विन लागला नाही. आणि सातवा मुद्दा लिहिणारा आज गाल्टनचंच काम करतो आहे, हिटलरचं भय दाखवून.

या थोतांडाला सर्वांत नेमकं उत्तर ज्यांनी दिलं त्यांचं नाव नागपुरात सांगावं लागत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेलं, मंडळाने होऊ न दिलेलं ते भाषण काढा. जात म्हणजे रक्तशुद्धी, जात म्हणजे वंश सुधारण्याची व्यवस्था, असं तेव्हाचे शिकलेले लोकही म्हणत. बाबासाहेब विचारतात, पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचं वंशाने काय नातं? पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार मात्र एकाच वंशाचे. इतिहाससंशोधक डी. आर. भांडारकरांचा दाखला देऊन ते सांगतात की परक्या रक्ताचा अंश नाही अशी जात या देशात क्वचितच सापडेल. मग त्यांचा सवाल येतो, की जातीने वंश सुधारत असेल तर पोटजातींनी एकत्र जेवायला बंदी कशासाठी, जेवणाने रक्त थोडंच बिघडतं? आणि पुढे ते आनुवंशशास्त्राचा अधिकारी माणूस बेटसन याचा आधार घेतात, की बुद्धीचे गुण कुठल्या एका ठरावीक नियमाने वारशात उतरतात असं म्हणायला काही आधार नाही. डीएनएची रचना समजायच्या सतरा वर्षं आधी हे लिहिलेलं आहे. २०१३ च्या त्या संशोधनाने सरमिसळीबद्दलचं त्यांचं म्हणणं रेणूंच्या भाषेत खरं ठरवलं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात 'कमकुवत रक्ता'चा मेसेज बिनदिक्कत फिरतो, याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

राहिली एनसीईआरटी. परिषदेने डार्विनला खोटं ठरवलेलं नाही. कोविडच्या काळात अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून केलेली कपात २०२३ च्या छापील पुस्तकांत आली आणि दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातला उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी या कपातीविरुद्ध पत्र लिहिलं, कारण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं थोडी असतात. जी कला-वाणिज्याकडे जातील, आयटीआयला जातील, पुढे जी स्वतःची आणि मुलांची लग्नं जुळवतील, त्यांच्या वाट्याला हा विषय मग कधीच येत नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो शिकवणाऱ्या विदर्भातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अवशेषांगं आणि जोडणारे दुवे पाठ करून घेता तसं एक तास सिकलसेलला द्या. तुमच्या वर्गात एएस मुलं बसलेली असतील, काहींना स्वतःला माहीतही नसेल, त्यामुळे कुणाचं नाव घेऊ नका, हात वर करायला सांगू नका. फळ्यावर ४३ पैकी १२ आणि २४७ पैकी ११३ एवढंच लिहा. टक्केवारी मुलांना काढू द्या, आणि या दोन आकड्यांत फरक का पडला असेल ते त्यांनाच विचारा.